पहिल्या पेटीचं कुंकू

नाना, आज दुपारी परदेशातल्या आपल्या वकिलातीतून फोन आला होता. तुम्हाला विचारत होते. तिथले अधिकारी बदलत राहतात, पण फोनवरचे गृहस्थ तेच, मूळचे कळवणकडचे, तिकडेच नोकरीला लागून तिकडेच मुरलेले. आवाज लगेच ओळखला. काहीतरी वाटेल म्हणून मी क्षणभर थांबले. काही वाटलं नाही.

तुमची पहिली पेटी परदेशी गेली, तेव्हाही फोन त्यांचाच होता. वकिलातीने तिथल्या फळांच्या व्यापाऱ्यांना बोलावून आपल्याकडच्या मालाचं प्रदर्शन मांडलं होतं. तुम्ही जन्मभर द्राक्षं दारात आलेल्या व्यापाऱ्याला दिलीत; पुढे ती कुणाच्या नावाने कुठे जातात, पत्ता लागायचा नाही. या पेटीवर मात्र तुमचं नाव होतं, आणि त्या दिवशी तुमची कोण धांदल! शेडमध्ये आई आरती घेऊन उभी आहे. तुम्ही नारळ फोडता, चिमूटभर हळद-कुंकू घेता आणि झाकणाला लावायचं सोडून थेट वरच्या घडावर वाहता. कुणालाच त्यात वावगं दिसत नाही. पहिल्या पेटीला आपल्याकडे असंच करतात.

तिकडे पेटी उघडली आणि व्यापारी मागे सरले. लाल भुकटी म्हणजे कसलंतरी फवारणीचं विषारी औषध, असं त्यांना वाटलं. या गृहस्थांनी सगळ्यांसमोर तो घड धुऊन खाल्ला, तरी कुणी हात लावला नाही.

"नाना, कुंकू घडावर वाहिलंत होय?" त्यांनी फोनवर विचारलं.

"मग? पहिली पेटी हाय, तशीच कोरी कशी धाडायची?"

"पुढच्या वेळी बाहेरून लावा. त्यांना पुन्हा बोलवायची जबाबदारी माझी."

"मानूस लय चांगला हाय," म्हणून तुम्ही हसलात, आणि जेवायला मात्र उठला नाहीत. पुढचा हंगाम तुम्हाला दिसला नाही. मग मीही माल दारातच देत राहिले. इतकी वर्षं. त्याचं वाईटही वाटेनासं झालं.

आज ते सांगत होते, त्यातल्याच एका व्यापाऱ्याने आपणहून विचारलंय, तो कुंकू वाहणारा शेतकरी कुठे आहे, त्याचीच द्राक्षं हवीत. "नानांना द्या ना फोन. ही बातमी मला त्यांनाच सांगायची आहे."

मी म्हणाले, "बागेत गेलेत. आले की फोन करायला सांगते."

आता दिवेलागण झाली. या पत्राला पत्ता नाही. फोन समोर पडलाय आणि, खरं सांगते नाना, तुम्ही बागेतून यायची मी वाट बघतेय.