रडू नये, ही विनंती

१ जानेवारी १९६२, सोमवार. पहाटे ५
आजपासून एकवीस दिवस मौन. रोज सकाळी अर्धा तास. मनःशांती मिळवायचीच. चार वर्षं दोन डगरींवर पाय ठेवून झाले. आमच्या बंजारा तांड्यावर गेलो की साहेब म्हणतात आणि बसायला खाट टाकून देतात. इथे नेरला ऑफिसात तांड्यावाला म्हणतात. यापुढे मी दोन्हींच्या वर.

गुरू घरमालक सदाशिवराव. रोज सकाळी ओट्यावर बसतात, डोळे अर्धे मिटलेले. कोणी काही विचारलं तर नुसतं 'हूं'. काय ती शांती!

सकाळी ८
मौनात डोळा लागला. बोललो मात्र नाही. दिवस पहिला यशस्वी.

३ जानेवारी
मौनात विचार येऊ नयेत म्हणतात. मला येतात. मराठीतले आले तर थांबवता येतात. आमच्या गोरबोलीतले येतात ते याडीच्या आवाजात. आईला गप्प बस कसं म्हणणार?

५ जानेवारी
ऑफिसात गोविंदा शिपायाने सर्वांसमोर विचारलं, "राठोडबाबू, आता तं कोणी गेलं नाई नं घरचं?" सगळे हसले. मी शांत राहिलो. दौत सांडली ती वेगळ्या कारणाने.

हे सगळं मागच्या महिन्यातलं. हंसाकाकी भेटायला आली आणि दारातच माझ्या गळ्यात पडून मोठ्याने, सुरात रडू लागली. घरमालकीण धुरपताबाई पिठलं-भाकर घेऊन हजर. सुतकाच्या घरी चूल पेटत नाही ना! मागोमाग सदाशिवराव खांद्यावर टॉवेल टाकून आले, लाकडं सांगितली का विचारायला. त्यांना अर्धा तास समजावलं की आमच्यात आपलं माणूस खूप दिवसांनी भेटलं की बाया अशाच रडतात, कोणी मेलेलं नाही. ते म्हणाले, "कोणी मेलं नाई तं एवढं रडाले काय झालं?"

तेव्हापासून सगळी गल्ली मला 'कोण गेलं?' विचारते. शांतीचा शत्रू सापडला.

६ जानेवारी
थोरली बहीण रुपीबाई या महिन्यात येणार. दोन वर्षांनी. तिचा आवाज हंसाकाकीच्या दुप्पट. लग्नात ती रडली तेव्हा बैल दावं तोडून पळाले होते. वेळीच कार्ड टाकलं:

'येण्याचे आधी कळवावे. आल्यावर रडू नये, ही विनंती. शेजाऱ्यांस त्रास होतो. आपला, एफ. एस. राठोड.'

भाषा मुद्दाम ऑफिसची ठेवली. म्हणजे भावना दुखावत नाहीत.

९ जानेवारी
आत्ता आठवलं, रुपीबाईला वाचता येत नाही. उमरखेडकडच्या तिच्या तांड्यावर कार्ड मास्तर वाचतो. तांड्याचा मुखिया जो नायक, त्याच्या दारात. सगळ्यांसमोर. असो. जे झालं ते झालं. याचा विचार दिवसभर केला नाही, फक्त दुपारी आणि जेवताना.

१३ जानेवारी
मौन पाळलं. कारण निजलो होतो.

१४ जानेवारी
संक्रांत. लोक तिळगूळ देऊन गोड बोला म्हणतात. मौन मोडावं लागलं. दोष माझा नाही.

१५ जानेवारी
उत्तर आलं. मास्तरचं अक्षर: 'शनिवारी येते. चार दिवस राहीन. रडणार नाही. कळावे.'

बाई सुधारली! शिक्षणाचा प्रसार असाच होतो.

१७ जानेवारी
धीर करून सदाशिवरावांना शांतीचं रहस्य विचारलं. ते उठले, नालीवर जाऊन थुंकले, चूळ भरली आणि म्हणाले, "रहस्य कायचं बा? सकायी तोंडात तंबाखू असते. बोलू कसा?"

किती ही विनम्रता! खरे गुरू असंच काहीतरी सांगून टाळतात.

२० जानेवारी, शनिवार. सकाळी १०
रजा काढली. रुपीबाई आली. उंबऱ्याबाहेर उभी राहून म्हणाली, "राम राम, साहेब." मराठीत! मी खुर्ची दिली. बसली. पोरं बरी आहेत म्हणाली, जवारी बरी आहे म्हणाली. सगळं मराठीतच. आवाज मुळीच नाही. धुरपताबाई भिंतीवरून डोकावून निराश होऊन गेल्या. पूर्ण विजय.

दुपारी १
रुपीबाई निघाली. चार दिवसांची पिशवी उघडलीसुद्धा नाही. मी थांब म्हणालो तर म्हणे, "लोकाच्या घरी किती राहावं माणसानं?"

घर अगदी शांत आहे. मौनाला बसतो.

दुपारी १.१०
बसवत नाही. तांड्यावर परक्याला राम राम असतो. रडणं फक्त आपल्या माणसाला. हे मला पाळण्यात असल्यापासून ठाऊक आहे आणि मीच कार्ड टाकलं. मला वाईट वाटतंय. फार वाईट वाटतंय. एस.टी. दीडला आहे.

संध्याकाळी ६
धावत स्टँडवर गेलो. एक चप्पल बाजारात राहिली. रुपीबाई पायरीवर पाय ठेवणार तोच गळ्यात पडलो आणि रडायला लागलो. पण रडण्याचे शब्द बायांचे, मला नीट येत नाहीत. याडीचं नाव घेतलं, बापूचं घेतलं, पुढे अडलो, तर बैलाचं घेतलं. रुपीबाई आधी दगडासारखी उभी. मग आमच्या बोलीत भावाला हाक मारत म्हणाली, "भिया, सूर चुकला तुझा." आणि तिने बरोबर सूर लावला.

यवतमाळची एस.टी. थांबली. कंडक्टरने टोपी काढली. स्टँडवर चहाला आलेले ऑफिसचे दोघे सदाशिवरावांना सांगायला पळाले आणि ते आले खांद्यावर टॉवेल टाकून. या वेळी त्यांनी काही विचारलं नाही. नुसते उभे राहिले.

एस.टी. गेली. रुपीबाई राहिली. आता धुरपताबाईंजवळ बसली आहे. धुरपताबाईंनी तिला विचारलं, आपल्याला स्वतःच्या भावाला भेटून सात वर्षं झाली, तर किती वेळ रडायचं. दोघींचं सुरू आहे.

२१ जानेवारी, रविवार. सकाळी १०
दिवस एकविसावा. घसा पूर्ण बसला आहे. एक शब्द फुटत नाही.

दाराशी पिठलं-भाकर ठेवलेली होती. दोघांनी खाल्ली. रुपीबाई आमच्या बोलीत न थांबता बोलते आहे आणि मी नुसतं 'हूं' म्हणतो आहे.

मौन साधलं.