नाण्यावरचा अंगठा

खामगाव, रविवार, दिवेलागण

शकूरभाई घड्याळं दुरुस्त करतात आणि माझ्यासारखीच जुनी नाणी जमवतात. आज त्यांनी त्यांचं सगळ्यात लाडकं आणलं, दहा रुपयांचं चांदीचं स्मारक नाणं, टांकसाळीतून डबीसकट आलेलं. आमच्या मंडळाचं प्रदर्शन आहे. कोणतं नाणं कोणत्या रांगेत, ते मी ठरवतो.

भिंग लावलं तर आरशासारख्या चांदीवर अंगठ्याचा तपकिरी ठसा. घामानं उतरलेला, आता कधीच न निघणारा. ठशात एक आडवी रेघ कोरी. माझ्या अंगात मास्तरकी आलीच. म्हणालो, "कोण्या अडाण्यानं मधोमध धरलं हे? नाणं कडेनं धरा लागते. पहिल्या रांगेत नाही बसत."

ते म्हणाले, "राहू द्या भाऊ. माह्याच हाताचा असन."

ते गेल्यावर चहाचा कप उचलला आणि माझा अंगठा दिसला. लहानपणी विळ्यानं कापल्याचा आडवा व्रण. तीच रेघ.

नाणं नवीन आलं तेव्हा त्यांनी आधी माझ्याच हातावर ठेवलं होतं. मला तेव्हा कुठे काय कळत होतं? पण हे आज कसं आठवलं नाही?

शकूरभाई तर घड्याळाचं चक्रसुद्धा चिमट्यानं उचलतात. म्हणजे त्यांना माहीत होतं. इतकी वर्षं.

आणि मी अडाणी म्हणालो, तेव्हा त्यांनी माझ्या अंगठ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.