हिरव्या वायरची खुर्ची

आई, मी कालपासून नागपूरला, मावशीकडे आहे. तुझी हिरव्या वायरची खुर्ची अजून इथेच आहे, मागचे पाय नसलेली. कारखान्यातून वाकवलेल्या पाइपांचे सांगाडे यायचे आणि तू स्वयंपाकघरात कुकरकडे कान ठेवून त्यांवर प्लास्टिकची वायर विणायचीस. अजून दिसतं: मी लहान आहे, बसायला घाबरतेय. तू हात न थांबवता म्हणतेस, "काहून भेतं वं? चार पाय लाकडाले लागते. पाइप दोनावरच तोलून घेते. बस." मी बसते. खुर्ची जराशी झुकते आणि मला परत वर उचलते. "आता ऊठ, गिऱ्हाइकाची हाय." मी उठत नाही. ती खुर्ची गिऱ्हाइकाला गेलीच नाही.

मध्ये पुद्दुचेरीत एका कॅफेत भांडी घासत होते. तिथे कशी पोचले ते सोड, ती वेगळीच गोष्ट. तिथेही अगदी अशाच खुर्च्या. मालक सांगायचा, परदेशात कुणाला तरी ही सायकलच्या वाकवलेल्या हँडलवरून सुचली. मग महायुद्ध संपलं आणि कारखान्यातलं पोलाद, प्लायवूड, फायबर घराघरांत शिरलं, जड सामान हलकं झालं. मी धड शिकले नाही, पण हे लगेच कळलं, मी त्यावर बसलेली होते ना. आईला सांगायला पाहिजे, असं मनात आलं. हात साबणात होते. मग आठवलं, तू गेलीस तेव्हा मी सातवीत होते.

आज मावशीनं खुर्ची नव्यानं विणायला एका काकांना बोलावलं. वायर कडक होऊन तुटतेय. काकांनी खुर्ची उलटी केली, कात्री काढली. वायरची टोकं तू मेणबत्तीवर वितळवायचीस, अंगठ्याला थुंकी लावून दाबायचीस, चटका बसला की "स्स" करायचीस आणि मी हसायचे. ती टोकं खाली तशीच आहेत. एकावर तुझ्या अंगठ्याच्या रेषा उमटल्यात. वेताची असती तर उमटल्या नसत्या.

"थांबा," मी म्हणाले.

"अवं बाई, मंग बससान कशावर?"

"इले कुठं बसायचं असते, भाऊ," मावशी हसून म्हणाली, "हे तर उद्या चालली." मग माझ्याकडे पाहून ती चहा ठेवायला उठली.

काकांना चहा पाजून परत पाठवलं. खुर्ची उलटीच आहे, मी शेजारी जमिनीवर बसून लिहितेय. हा कागद पोस्टात टाकून तुला पोचायचा नाही, माहीत आहे. मावशीला सांगितलं नाही, पण तुझा चेहरा मला फोटो पाहिल्याशिवाय आठवत नाही आता. त्या रेषांवर अंगठा ठेवून पाहिला. माझा मोठा आहे.