वाळ्यांसकट केलेलं वजन

मंगळवार, दिवेलागणीची वेळ

आज नातीला अंगणवाडीत वजनाला मीच नेलं. तिथल्या ताई म्हणाल्या, "आबा, पायातले वाळे काढा." मी म्हणालो, "नजर लागंल, ऱ्हाऊ द्या." त्या हसल्या. "आवं, चांदीचं वजन सरकारला कशाला कळवायचं?" तरी मी काढू दिले नाहीत. आकडा अगदी काठावर, पण ठीक आला. ताईंनी मोबाईलमध्ये भरलासुद्धा.

घरी येताना डोक्यात एकच. सरकार एवढ्या पोरांची वजनं घेऊन करतं तरी काय? सुनेला विचारलं. ती म्हणाली, "कमी भरलं तर डॉक्टर तपासत्यात, जादा आहार देत्यात."

मग ते वाळे डोळ्यांपुढून हलेनात. पोर महिनाभर नीट जेवत नाही. मला खरंच नजरेची भीती होती? की बागायतदाराची नात अशक्त, हे चारचौघांत नको होतं?

सुनेला सगळं सांगितलं. ती रागावली नाही, हेच जास्त लागलं. वाळे काढून तिनं माझ्या हातात दिले. चांगले जड आहेत. "उद्या परत घिऊन जावा, आबा," एवढंच म्हणाली.

जाईन. ताईंना काय सांगायचं, ते मात्र अजून सुचत नाही.