तुमचं अर्धं बोलणं

चंदनाच्या आप्पास्नी मुंबईहून गुणमालाचा जय जिनेंद्र.

मी दादाच्या घरी बरी हाय. दिवस मावळायच्या आत जेवण मिळतंय. तुमी गोळ्या घेताय न्हवं? म्हशीला वैरण कोण टाकतंय?

फोन लावला की तुमच्या कानाचं मशीन शिट्टी मारतंय, म्हणून लिहितीय.

टीव्हीवाल्या बाईनं मायलेकीची गाठ घालून दिली, तेवढं खरं. मेकअपच्या खोलीत चंदना माझ्या गळ्यात पडली. पळून जाऊन लग्न केल्यापासनं पयल्यांदा! तर ती बाई धावत आली. म्हणाली, "आत्ता नको, हे कॅमेऱ्यापुढं करा."

आन कॅमेऱ्यापुढं तिनं आधी तुमालाच दाखवलं. आष्ट्याला येऊन तुमचं बोलणं घेऊन गेली हुती न्हवं, ते. त्यात तुमी "मला पोरगी न्हाई" एवढंच म्हणताय. "असं मी कसं म्हणू?" हे त्यांनी कापलं. तुमी बोलला तवा मी तुमच्या शेजारीच बसलेली. हितं मी वरडून सांगितलं, पण समोर बसलेले लोक टाळ्या वाजवत हुते. चंदना उठून गेली. तिचा फोन बंद हाय.

हे दाखवू नका म्हणून बाईला हात जोडले. "मावशी, आता माझ्या हातात काही नाही," म्हणाली. आवं, तिला तरी लेक असंल की!

पुढच्या सोमवारी दुपारी दाखवणार हाईत. आपण टीव्ही लावला न्हाई तरी गल्लीत घरोघरी लागंल, आन तुमचाच आवाज आपल्या घरात येईल. त्या दिवशी कानाचं मशीन काढून ठेवा.

तुमची,
गुणमाला