कागदात गुंडाळलेल्या बाटल्या

अहो,

मी धसईला आईकडे चाललेय. भात टोपात आहे, कालवण तेवढं गरम करून घ्या.

साप्ताहिकात आपण स्वस्त वाइनबद्दल लिहितो, ते दोघांच्या नावानं. ठरलं काय होतं? मी बाटल्या कागदात गुंडाळायच्या, नाव न बघता दोघांनी चाखायचं, मधे तोंडाची चव जायला कोरडी भाकरी चावायची. पण दर वेळी सापगावच्या दुकानदाराचीच बाटली तुमाला आवडायची. म्हणून रविवारी तिच्यात मी गेल्या महिन्यात तुमीच थू करून नापास केलेली आंबट वाइन भरली. तिलाच तुमी पहिला नंबर दिलात! आज पलंगाखाली त्याच दुकानदारानं तुमाला भेट पाठवलेला बाटल्यांचा खोका सापडला. म्हणजे तुमी कागद उचकटून लेबल बघत होतात, आणि मी येडी समोर बसून इमानदारीत भाकरी चावत होते.

ओट्यावर दोन बाटल्या आहेत. एकीत त्याची जांभळाची वाइन, दुसरीत माझी घरची, जी तुमी दरवर्षी पिता. कागद खुशाल फाडा, लेबलं मी भिजवून काढलीत. माझी कुठली ते ओळखलंत, तरच न्यायला या.

हर्षाली