बांधावरचं फावडं

सफेदबाग, बल्ख
१२ सरतान

ती. आपाच्या सेवेशी,
धाकट्या सिद्दीकचा सलाम. वि. वि.

तुझं पत्र आणि चहाचा पुडा बसवाल्यानं आणून दिला. चहा वहिनीला दिला. ती इद्दतीत आहे, विधवेचे ते चार महिने दहा दिवस, त्यामुळे अंगण आणि छत एवढंच तिचं जग. अक्रब महिना लागेपर्यंत ती उंबऱ्याबाहेर पडणार नाही. जेवते, पण थोडं.

याकूबलालाला जाऊन आज सोळा दिवस झाले. नेमकं काय झालं ते तू विचारलंस. त्या दिवशी गुरुवार, आपल्या पाण्याची पाळी दुपारची. लालानं शेतात पाणी घेतलं, कोपऱ्यातल्या बांधावर फावडं उभं रोवलं आणि तिथेच बसला. फावडं उभं म्हणजे पाणी माझं, हे तुला सांगायला नको. पाळी संपली तरी पाणी आपल्याच शेतात चाललं होतं. शेजारचे हाजी रोझी बघायला आले. ते म्हणतात, याकूबनं जन्मात कधी घोटभर पाणी जास्त घेतलं नाही, म्हणून मला शंका आली. ऊन फार होतं. हकीम म्हणाला, हृदय थांबलं.

पाऊस नाही हे दुसरं वर्ष. हाजींच्या कापसानं माना टाकल्या, खरबुजं वेलीवरच करपली. भांग तेवढी उभी आहे, माझ्या छातीला लागते. शाळेत पोरांना शिकवून झालं की मी शेतावर जातो. काय करायचं ते फारसं कळत नाही. लाला म्हणायचा, तू दौतीत शाई भर, मी सरीत पाणी भरतो. आता दोन्ही माझ्याकडे आलंय.

दाजींना सलाम. लोभ आहे तसाच राहू दे.
तुझा सिद्दीक

काबूल
२ असद

चि. सिद्दीकला आपाचे अनेक आशीर्वाद.

तू पत्र लिहितोस की शाळेचा दाखला? 'जेवते, पण थोडं.' अरे, काय जेवते, किती जेवते, रडते की नाही, काही लिहिशील? लाला असता तर दोन शिव्या घालून सगळं सांगितलं असतं. त्याला लिहिता येत नव्हतं तेच बरं, टपालवाल्यानं पत्र फोडून वाचलं असतं.

दाजींनी इथल्या एका शाळेत तुझ्या मास्तरकीसाठी शब्द टाकलाय. हमलमध्ये वर्ग सुरू होतील, तोवर जागा धरून ठेवतील. एवढं पीक काढ, पाण्याची पाळी हाजींना देऊन टाक आणि वहिनीला घेऊन ये. आमच्याकडे दोन खोल्या आहेत. मात्र एक लक्षात ठेव. चालू पाळीच देता येते. कालव्याचं पाणी वाटून देणाऱ्या मीराबानं एकदा ती बंद केली की आपल्या घराचं तिथे काही उरत नाही. आजोबांपासूनची पाळी आहे ती.

आणि आता नीट वाच. हा महिना भांगेची नर झाडं उपटायचा. पेऱ्यापेऱ्याशी लहान घुंगरांसारखं काही लोंबायला लागलं की तो नर. रोज सकाळी प्रत्येक सरीतून चाल. घुंगरू उमलायच्या आत उपट. एकदा उमललं की वारा कुणाच्या बापाचं ऐकत नाही. सगळी मादी झाडं बी धरतात, आणि बी धरलेलं झाड हिवाळ्यात कापडावर चाळलं की खाली चरस पडत नाही, नुसता भुसा पडतो. आपल्याच नाही, हाजींच्या शेतातसुद्धा. लहानपणी अब्बांनी तुला हे काम दिलं होतं, तेव्हा तू नर सोडून काकड्यांचे वेल उपटले होतेस. मी आणि लाला आठवडाभर हसत होतो. या वेळी हसायला तो नाही, म्हणून जपून.

वहिनीला जवळ घेऊन माझा निरोप सांगता येत नसेल, तर तिच्या ताटात एक चमचा तूप जास्त घाल, ती समजेल.
माया आहेच, कागदावर किती लिहू.
तुझी आपा

सफेदबाग
२० सुंबुला

ती. आपास सलाम. वि. वि.

उत्तराला उशीर झाला. लिहायला चांगलं काही नव्हतं.

तू सांगितल्याप्रमाणे रोज सकाळी सरींतून चाललो. पण बांधाच्या कोपऱ्यात नर राहून गेले. पंधरा-वीस झाडं असतील. मी विसरलो. आठवडाभर पश्चिमेचा वारा सुटला होता. आता आपलं शेत बियांनी भरलंय. हाजींचं भरलंय. कालव्याच्या या अंगाची सातही शेतं भरली आहेत.

जुम्म्याच्या नमाजानंतर मशिदीसमोर सगळे जमले. कुणी हात उगारला नाही, लालाचं नाव अजून ओलं आहे. पण बोलले. एक जण म्हणाला, मास्तर पोरांना नर-मादी कोणत्या पुस्तकातून शिकवतात ते एकदा बघायला हवं. दुसरा म्हणाला, मजार शहरात ते लांब केसांचे फिरंगी येतात, त्यांना यंदा भुसा विकू, त्यांना काय कळतंय. कुणी हसलं नाही. हाजी गप्प होते. मला त्याचंच जास्त लागलं.

मीराबानं विचारलं, कोपरा का सोडला? मी म्हणालो, विसरलो. तो म्हणाला, ज्याला शेताचा कोपरा आठवत नाही त्याला पाण्याची पाळी कशी आठवेल? कापणी झाल्यावर ठरवतो, आपली पाळी ठेवायची की बंद करायची.

ऊन अजून उतरलेलं नाही. मी थकलो आहे, आपा. तूप वहिनीच्या ताटात घातलं होतं. तिनं ते माझ्या ताटात सरकवलं.

रागावलीस तरी लिहीत जा.
सिद्दीक

सफेदबाग
३ अक्रब

सौ. माहरुख वन्संना गुलअंदामचा सलाम.

हे पत्र हाजी रोझींची नात लिहून देते आहे. मी बोलते तसंच लिही, असं तिला सांगितलंय.

कोपऱ्यातले नर उपटायला विसरलो, असं सिद्दीकभावजींनी तुम्हाला लिहिलं, हे मला आज कळलं. ते विसरले नव्हते. इद्दतीत मला छतावरून तो कोपरा दिसायचा. यांचं फावडं अजून बांधावर उभं होतं. मी रोज सकाळी वर जाऊन ते बघायची. ते उभं आहे म्हणजे पाणी अजून यांचं आहे, एवढंच मनात यायचं. एक दिवस भावजी त्या कोपऱ्याकडे वळले. मी वरून ओरडले की माझी इद्दत संपेपर्यंत तिथे कुणी पाय ठेवायचा नाही. ते थांबले. काही सांगायला त्यांनी तोंड उघडलं, पण माझ्याकडे बघितलं आणि परत फिरले.

मी शेतकऱ्याची लेक आहे. नर उमलला की काय होतं ते मला माहीत होतं. मूठभर झाडांनी काय होणार, असं मी मनाशी म्हणाले. चूक माझी आहे.

परवा इद्दत संपली. काल मी बुरखा घेतला आणि सरळ मीराबाच्या दारात गेले. सगळं सांगितलं. मीराबाची बायको रडली, मीराब खाली बघत राहिला. मला रडू आलं नाही. भावजींना हे मी सांगितलेलं नाही, पण या गावात काय लपतंय.

तुमच्या दोन खोल्यांबद्दल अल्ला तुमचं भलं करो. पण मी इथून हलणार नाही.
मायेत राहू द्या.
गुलअंदाम

सफेदबाग
१५ अक्रब

ती. आपास सलाम. वि. वि.

पहिली कडाक्याची थंडी पडली, पानं तांबडी झाली. कापणी संपली. वहिनी कोपऱ्यात कुणाला येऊ देईना, तिथली झाडं तिनं एकटीनं कापली.

काल मीराब शेतावर आला, बाकीच्या सहा घरचेही आले. त्यानं मला काही विचारलं नाही. पाळी आपल्याकडे राहील. पण येत्या उन्हाळ्यात सातही शेतांतले नर मी उपटायचे, हाजी रोझी मागून चालत तपासणार. हाजी तेव्हा पहिल्यांदा बोलले. म्हणाले, मास्तर, इतकी वर्षं पोरांच्या चुका काढल्यात, आता झाडांच्या काढा, मी गुण देतो. सगळे हसले. मीही हसलो असेन.

मीराब एवढंच म्हणाला की मेलेल्या माणसाच्या फावड्याला मला पाणी सोडता येणार नाही. ते काढा, मग गुरुवारी पाणी घ्या.

वहिनी स्वतः पुढे झाली. तिनं दोन्ही हातांनी ओढलं, निघेना. मी ओढलं, हाजींनी ओढलं. लालानं रोवलं तेव्हा बांध ओला होता, पुढे चार महिन्यांच्या उन्हात त्याची वीट झाली होती. कुदळ लावू का, असं एकानं विचारलं. वहिनी नको म्हणाली. मग हाजींनी आपल्या पाळीतलं थोडं पाणी बांधाच्या मुळाशी सोडलं आणि आम्ही सगळे वाट बघत बसलो. माती भिजायला बराच वेळ गेला. शेवटी वहिनीनं ओढलं तर सहज हातात आलं. दांडा खाली वाळवीनं खाल्लाय. तिनं ते माझ्या हातात दिलं आणि चहा ठेवायला घरी गेली.

दांडा नवा घालून घेतलाय. गुरुवारी रोवीन.

काबूलची जागा दाजींनी दुसऱ्या कुणाला द्यावी. त्यांना माझ्याकडून माफी सांग. आणि सवड मिळेल तेव्हा नर कसा ओळखायचा ते मला पुन्हा एकदा लिहून पाठव. या वेळी सविस्तर.

लोभ कमी होऊ देऊ नकोस.
तुझा सिद्दीक